कॅडमधल्या संशोधकांचा गौरव: 'योगदान' नेमकं कशाला म्हणायचं?

वक्रांक (धागाकर्ता)

कॅड म्हणजे संगणकाच्या मदतीने वस्तूंचे आकार आखणं. याच क्षेत्रातल्या स्टीव्हन कून्स यांच्या नावाचा पुरस्कार १९८५ साली पिएर बेझिए यांना मिळाला. २०१२ साली बेझिए यांच्या नावाचा पुरस्कार पॉल द कास्तेलझो यांच्याकडे गेला. वक्र आणि पृष्ठभाग गणितात बसवणारी तीन माणसं अशी दोन सन्मानांनी एका माळेत आली. पण तिसरा मणी ओवायला पन्नासहून जास्त वर्षं लागली.

द कास्तेलझो १९५८ मध्ये सित्रोएन या फ्रेंच मोटार कंपनीत रुजू झाले आणि १९५९ मध्ये वक्र मोजायची त्यांची पद्धत तयार होती. कंपनीने ती गुपित ठेवली. रेनो या दुसऱ्या मोटार कंपनीत बेझिए याच प्रश्नाला वेगळ्या वाटेने भिडले होते. त्यांचं काम छापून बाहेर आलं आणि वक्राला त्यांचं नाव पडलं. १९७५ मध्ये वोल्फगांग ब्योम यांनी सित्रोएनचे अंतर्गत अहवाल उजेडात आणले, तेव्हा कुठे 'द कास्तेलझोची पद्धत' हे नाव रूढ व्हायला लागलं.

धागा काढायचं कारण असं की पुरस्कारांच्या बातम्यांत 'मोलाचं योगदान' या दोन शब्दांपलीकडे काही सापडत नाही. माझ्या मते योगदान म्हणजे अशी एखादी पायरी, जी काढून घेतली तर आजची प्रणाली अडते किंवा चुकीचं उत्तर देते. ती पायरी बोट ठेवून दाखवता आली पाहिजे.

द कास्तेलझोंचीच पायरी घ्या. चार कंट्रोल पॉइंट, म्हणजे वक्राला आकार देणारे बिंदू: (०,०), (२,४), (६,४), (८,०). वक्रावरचा बरोबर मधला बिंदू हवाय, म्हणजे प्राचल (वक्राच्या सुरुवातीला ०, शेवटी १ होणारी संख्या) ०.५. शेजारच्या जोड्यांचे मध्यबिंदू काढा: (१,२), (४,४), (७,२). त्यांचे पुन्हा: (२.५,३), (५.५,३). पुन्हा एकदा: (४,३). हाच वक्रावरचा बिंदू. सहा मध्यबिंदूंत काम झालं.

खरी कमाई मात्र पुढे आहे. त्रिकोणी मांडणीची डावी बाजू वाचली की (०,०), (१,२), (२.५,३), (४,३) हे डाव्या अर्ध्या वक्राचे कंट्रोल पॉइंट मिळतात. उजवी बाजू वाचली की (४,३), (५.५,३), (७,२), (८,०) हे उजव्या अर्ध्याचे. वक्र तुटला, पण आकार तसूभरही बदलला नाही. पडद्यावर वक्र काढणं, दोन वक्रांचा छेद शोधणं, कातरकाम, सगळीकडे हे दुभाजन आतून चालू असतं. शिवाय प्राचल ० ते १ मध्ये असेपर्यंत प्रत्येक पायरी ही भारित सरासरी असते, वजनं कधी ऋण होत नाहीत. त्यामुळे मोठ्या, जवळपास सारख्या संख्यांची वजाबाकी होऊन अचूक अंक गळून जाण्याचा धोका फार कमी. घात-मालिकेच्या रूपात हॉर्नरच्या रीतीने तीनच गुणाकार लागतात, वेगही जास्त, पण घात वाढला की ती घसरते.

घनाकृती, एलिमेंट (विश्लेषणासाठी आकाराचे केलेले छोटे तुकडे), मेश (त्या तुकड्यांची जाळी), सॉफ्टवेअर या बाजूंच्या जाणकारांनी आपापल्या भागातली अशी पायरी दाखवावी, आणि शिफारस कशी लिहावी यावरही लिहावं.

स्प्लाइनप्रेमी

धागा आवडला. एक भर घालतो. बेझिए यांनी मुळात वक्र आज शिकवतात तसा मांडलाच नव्हता. त्यांची मांडणी बिंदूंची नव्हती, एकापुढे एक जोडलेल्या सदिशांची होती. तीच गोष्ट बर्नस्टाइन बहुपदींत नीट बसते हे रॉबिन फॉरेस्ट यांनी १९७२ मध्ये दाखवलं, आणि बर्नस्टाइन यांच्या बहुपदी तर १९१२ च्या. म्हणजे 'बेझिए वक्र' या नावाखाली किमान चार माणसांचं काम आहे. बेझिए यांचं मोठेपण यात जराही कमी होत नाही. कारखान्यात गाडीच्या पत्र्याचा आकार युनिसर्फसारख्या प्रणालीतून थेट यंत्रापर्यंत नेणं हे त्यांचं काम स्वतंत्र आणि प्रचंड आहे. पण मानपत्रात 'वक्राचे जनक' असं लिहिलं की तिघांवर अन्याय होतो आणि त्यांचं स्वतःचं खरं कामही झाकलं जातं.

घनगर्भ

घनाकृतींच्या बाजूने लिहितो. बेझिए पुरस्कार सॉलिड मॉडेलिंग असोसिएशन देते, तो २००७ मध्ये सुरू झाला. पहिला मान अरिस्टायडीस रेक्विशा आणि हर्बर्ट व्होल्कर या जोडीचा. २००८ मध्ये इयन ब्रेड, ॲलन ग्रेयर आणि चार्ल्स लँग या तिघांना मिळून. सुरुवातीची दोन्ही वर्षं एकट्याला नाही, गटाला सन्मान मिळाला, हे मला फार योग्य वाटतं. या क्षेत्रात एकट्याने उभं केलेलं कर्नल (कॅडच्या आतलं, भूमिती सांभाळणारं मूळ सॉफ्टवेअर) जवळजवळ नाहीच.

आता पायरी. रोचेस्टर विद्यापीठात रेक्विशा आणि व्होल्कर यांनी पॅडल प्रणालीच्या निमित्ताने एक साधा दिसणारा प्रश्न सोडवला: संगणकातली कोणती आकृती 'घन' म्हणायची? दोन घनाकार ठोकळे एकमेकांना एका पृष्ठाने चिकटलेले आहेत असं समजा. संचाच्या नेहमीच्या नियमाने त्यांचा छेद काढला तर एक बिनजाडीचा चौकोनी पापुद्रा हाती येतो. त्याला घनफळ नाही, वजन नाही, तो कापताही येत नाही, पण प्रणालीत तो शिल्लक राहतो आणि पुढच्या प्रत्येक क्रियेत घाण करतो. त्यांचा उपाय असा की क्रियेनंतर फक्त आतला भाग घ्यायचा आणि मग त्याची हद्द परत जोडायची. पापुद्र्याला आतला भाग नसतोच, त्यामुळे तो गळून जातो. याला नियमित केलेल्या संचक्रिया म्हणतात. आज कोणत्याही कॅडमध्ये 'वजा कर' बटण दाबल्यावर लोंबणारे पापुद्रे दिसत नाहीत, ते या व्याख्येमुळे.

केंब्रिजच्या तिघांचं काम दुसऱ्या टोकाचं. त्यांनी घन त्याच्या हद्दीने साठवला: पृष्ठं, कडा, शिरोबिंदू आणि त्यांची आपापसातली जोडणी. बिल्ड, मग रोम्युलस, मग एसिस. एसिसच्या नावातली पहिली तीन अक्षरंसुद्धा ॲलन, चार्ल्स, इयन यांचीच. रोम्युलसच्या वंशात पुढे पॅरासॉलिड आलं. आज बाजारातल्या बऱ्याच कॅडच्या पोटात या दोन घराण्यांपैकी एक सापडेल.

हद्द-मांडणी बरोबर आहे का हे तपासायला ऑयलरचं सूत्र वापरतात: शिरोबिंदू − कडा + पृष्ठं − आतली वलयं = २ × (कवच − आरपार छिद्रं). चौकोनी आरपार भोक पाडलेला ठोकळा घ्या. शिरोबिंदू १६, कडा २४, पृष्ठं १०, आतली वलयं २ (वरच्या आणि खालच्या पृष्ठावर एकेक), कवच १, छिद्र १. डावी बाजू १६ − २४ + १० − २ = ०, उजवी बाजू २ × (१ − १) = ०. जुळलं. लोक चुकतात ते वलयांत. ती विसरली की डावीकडे २ येतं आणि चूक दुसरीकडे शोधत बसतात. आणि हेही लक्षात ठेवा की सूत्र जुळलं म्हणजे घन बरोबर आहे असं नाही. पृष्ठ स्वतःलाच छेदत असेल तरी मोजणी जुळतेच. जोडणी बरोबर असणं वेगळं आणि भूमिती बरोबर असणं वेगळं.

उपपत्ती

वक्रांक, 'काढून बघा' ही कसोटी मोहक आहे पण पुरेशी नाही. एकच पायरी दोघांनी एकाच वेळी शोधली असेल तर एकाचं काम काढलं तरी प्रणाली अडत नाही, कारण दुसऱ्याचं उभं असतं. मग दोघांचंही योगदान शून्य धरायचं का?

उदाहरणं हवी तेवढी आहेत. बी-स्प्लाइन (तुकड्यातुकड्यांनी जोडलेला गुळगुळीत वक्र) मोजायची पुनरावर्ती रीत मॉरिस कॉक्स आणि कार्ल द बूर यांनी स्वतंत्रपणे दिली, दोन्ही १९७२ मध्ये छापून आली. स्प्लाइनमध्ये नवी गाठ (तुकडे जिथे जोडले जातात ती जागा) घालायच्या दोन रीती १९८० मध्ये आल्या: एक ब्योम यांची, दुसरी कोहेन, लिके आणि रीझनफेल्ड यांची ऑस्लो पद्धत. विभाजन-पृष्ठभागांचे (ढोबळ जाळी पुन्हा पुन्हा विभागून मिळणाऱ्या गुळगुळीत पृष्ठभागांचे) दोन मूळ लेख, कॅटमल-क्लार्क आणि डू-सेबिन, १९७८ मध्ये एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात आहेत. ही क्षेत्राची रीतच दिसते. प्रश्न पिकला की दोन-तीन ठिकाणी एकदम उत्तर येतं.

शिवाय सन्मान देणाऱ्या संस्थेचा मळा वेगळा असला की निवड बदलते. २००६ मध्ये विभाजन-पृष्ठभागांसाठी चित्रपटसृष्टीचा तांत्रिक पुरस्कार कॅटमल, टोनी डीरोझ आणि जोस स्टाम यांना मिळाला. मूळ कल्पनेसाठी कॅटमल आणि ती प्रत्यक्षात आणण्यासाठी बाकीचे दोघे, अशी विभागणी त्यात होती. चित्रपटाच्या दृष्टीने ती बरोबरच आहे. पण यंत्रभागाच्या दृष्टीने विचारलं तर यादी वेगळी येईल.

वक्रांक

आक्षेप मान्य. कसोटी व्यक्तीला लावायची नाही, पायरीला लावायची, असं म्हणतो. पायरी अत्यावश्यक आहे का ते आधी ठरवा. मग ती पायरी कोणाकोणाची ते ठरवा, आणि दोघांची असेल तर दोघांची नावं घ्या. कॉक्स यांचं नाव गाळून 'द बूरची रीत' असं लिहिणारी पाठ्यपुस्तकं खूप आहेत. त्यात द बूर यांचा काही दोष नाही.

जाळीकार

सीएईच्या, म्हणजे संगणकावर ताण वगैरेंचं विश्लेषण करण्याच्या बाजूने. इथे नाव देणारा लक्षात राहतो, बाकीचे पुसट होतात. रिचर्ड कूरांट यांनी १९४३ मध्ये त्रिकोणी तुकड्यांवर सरळरेषी फलनं घेऊन पिळाचा प्रश्न सोडवायची वाट दाखवली. आर्गिरिस यांनी १९५४-५५ मध्ये ऊर्जेच्या तत्त्वांवर सगळी मॅट्रिक्स मांडणी बांधली. टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांचा विमानाच्या सांगाड्यावरचा लेख १९५६ चा. 'फायनाइट एलिमेंट' हे नाव क्लफ यांनी १९६० मध्ये दिलं. क्लफ यांना १९९४ मध्ये अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञान पदक मिळालं आणि ते सर्वस्वी योग्य होतं. टर्नर यांचं नाव मात्र आज किती विश्लेषकांना ठाऊक आहे?

पण मला ज्या पायरीवर बोट ठेवायचंय ती वेगळीच आहे: पॅच टेस्ट, म्हणजे एकसमान ताण एलिमेंट अचूक दाखवतो का याची चाचणी. ब्रूस आयर्न्स आणि सहकाऱ्यांच्या १९६५ च्या कामातून ती आली. कोणताही नवा एलिमेंट वापरण्याआधी तो या चाचणीतून जातो, आणि ही चाचणी कुणीही तासाभरात करू शकतो.

मॅकनील आणि हार्डर यांच्या १९८५ च्या चाचणी-संचातली आवृत्ती देतो. ०.२४ × ०.१२ मापाचा पातळ आयत. त्याचे पाच वेडेवाकडे चौकोनी एलिमेंट करा, चार कोपरे बाहेर, चार नोड (एलिमेंट जिथे एकमेकांना जुळतात ते बिंदू) आत. वेडेवाकडे म्हणजे खरोखर वेडेवाकडे, कारण आयताकृती एलिमेंट घेतले तर नापास होणारा एलिमेंटही पास होतो. यंग गुणांक १०,००,०००, प्वासाँ गुणोत्तर ०.२५, प्रतल ताण. बाहेरच्या चार नोडना विस्थापन द्या: आडवं ०.००१ × (क्ष + य/२), उभं ०.००१ × (य + क्ष/२). आतले नोड मोकळे सोडा. उत्तर प्रत्येक एलिमेंटमध्ये, प्रत्येक इंटिग्रेशन पॉइंटवर (एलिमेंटच्या आत ताण मोजला जातो त्या बिंदूवर) एकच यायला हवं: दोन्ही लंब ताण १३३३.३, कातर ताण ४००. जवळपास नाही, यंत्राच्या अचूकतेपर्यंत तेच. एका एलिमेंटमध्ये १३३० आणि दुसऱ्यात १३४० दिसले तर एलिमेंट नापास. मेश बारीक करूनही त्याचं उत्तर खऱ्याकडे जाईल याची हमी नाही.

लोक दोन ठिकाणी घसरतात. आतल्या नोडनाही विस्थापन देऊन टाकतात, मग चाचणी काहीच तपासत नाही. आणि फक्त सरासरी ताण बघतात, त्यात दोष लपतो.

या चाचणीमुळे काय झालं ते बघा. चार नोडचा साधा चौकोन वाकवताना फाजील ताठ होतो, कारण त्याच्या कडा वक्र होऊ शकत नाहीत आणि नसलेला कातर ताण निर्माण होतो. १९७३ मध्ये विल्सन आणि सहकाऱ्यांनी त्यात जादा अंतर्गत विस्थापनं घालून वाकणं सुधारलं. आयताकृती मेशमध्ये उत्तरं सुंदर येऊ लागली. पण समांतरभुज नसलेल्या चौकोनात तो पॅच टेस्टला नापास झाला. १९७६ मध्ये टेलर, बेरेसफर्ड आणि विल्सन यांनी त्या जादा पदांचं इंटिग्रेशन बदलून दोष काढला. एलिमेंट वाचला. ज्याच्या नावाने दोष निघाला तोच दुरुस्तीच्या लेखातही सहलेखक आहे. संशोधनात असा मोकळेपणा असेल तर तो गौरवपत्रात यायलाच हवा असं मला मनापासून वाटतं.

स्प्लाइनप्रेमी

जाळीकार, हा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. त्याला जोडून: कॅडचे वक्र आणि एलिमेंटची फलनं वेगवेगळी असल्यामुळे मॉडेल मेशमध्ये उतरवताना भूमिती बिघडते. तीच स्प्लाइन विश्लेषणातही वापरायची, ही कल्पना ह्यूज, कॉट्रेल आणि बाझिलेव्ह्स यांच्या २००५ च्या लेखाने रुजवली. एकाच कामाने वक्रवाले आणि एलिमेंटवाले दोघे एका बाकावर बसले.

कातरछेद

वर कुणीच पृष्ठभागांच्या छेदाचा उल्लेख केला नाही, म्हणून लिहिते. सगळ्यात जास्त दुखणी तिथेच आहेत.

दोन्ही दिशांना घन घात असलेला एक पृष्ठभाग एका समीकरणात लिहायचा झाला तर त्याचा घात १८ पर्यंत जातो. असे दोन पृष्ठभाग एकमेकांना छेदले तर छेदरेषेचा घात १८ × १८ = ३२४ पर्यंत. अचूक उत्तर साठवणं व्यवहारात अशक्य. म्हणून प्रत्येक कर्नल छेदरेषेचा अंदाज साठवतं आणि सोबत एक सहनसीमा ठेवतं. पॅरासॉलिडची नेहमीची लांबीची अचूकता मीटरच्या दहा कोटीव्या भागाइतकी, आणि मॉडेल एक किलोमीटरच्या पेटीत बसलं पाहिजे. एसिसमध्ये नेहमीची सीमा एककाच्या दहा लाखाव्या भागाची. एका कर्नलमध्ये 'चिकटलेली' कड दुसऱ्यात 'फाटलेली' दिसते ती या फरकामुळे. फाइल खराब नसते, चिकटलेलं म्हणजे काय याची दोघांची व्याख्या वेगळी असते.

टॉम सेडरबर्ग यांचं नाव या गणिताशी कायमचं जोडलेलं आहे. प्राचलाच्या रूपातून एका समीकरणात जाण्याची जुनी बीजगणिती साधनं त्यांनी कॅडमध्ये आणली. २००३ मध्ये टी-स्प्लाइन मांडताना गाठींची ओळ सगळ्या पृष्ठभागावर आरपार नेण्याची सक्ती त्यांनी आणि सहकाऱ्यांनी काढून टाकली. ज्याने कधी एका कोपऱ्यात बारकावा हवा म्हणून अख्ख्या पृष्ठभागावर शेकडो नको असलेले कंट्रोल पॉइंट सहन केलेत, त्याला याची किंमत सांगावी लागत नाही.

गाठबिंदू

नर्ब्जबद्दल (प्रत्येक बिंदूला वजन असलेल्या परिमेय बी-स्प्लाइनबद्दल) थोडं, कारण 'नर्ब्जचे जनक' हा शब्दप्रयोग मानपत्रांत सर्रास येतो. साखळी अशी आहे: शोनबर्ग यांच्या स्प्लाइन १९४६, कॉक्स आणि द बूर १९७२, रीझनफेल्ड यांचा बी-स्प्लाइनवरचा प्रबंध १९७३, व्हर्स्प्रिल यांचा परिमेय बी-स्प्लाइनवरचा प्रबंध १९७५. शेवटचे दोन्ही सिराक्यूज विद्यापीठातले, कून्स त्या काळात तिथेच होते. १९८१ मध्ये बोइंगने हे रूप आयजेस या देवाणघेवाणीच्या प्रमाणात घ्यावं असा प्रस्ताव मांडला, आणि तिथून ते सगळीकडे पोचलं.

'परिमेय' या एका शब्दाने काय साधलं? वर्तुळ. साध्या बहुपदीने वर्तुळ काढताच येत नाही, फक्त जवळ जाता येतं. पाव वर्तुळ एका घन बेझिए तुकड्याने काढायचं झालं तर त्रिज्येच्या ०.५५२३ पट लांबीच्या स्पर्शदांड्या घेतात. त्रिज्येतली चूक सुमारे ०.०२७ टक्के. १०० मिलिमीटर त्रिज्येवर ती ०.०२७ मिलिमीटर. पडद्यावर दिसणार नाही, पण बेअरिंगच्या बसणीत नक्की दिसेल. परिमेय रूपात द्विघाती तुकडा, तीन कंट्रोल पॉइंट आणि वजनं १, ०.७०७१, १ घेतली की पाव वर्तुळ तंतोतंत. मधलं वजन म्हणजे कंसाच्या अर्ध्या कोनाचा कोसाइन, इथे ४५ अंशांचा. पूर्ण वर्तुळाला नऊ बिंदू. फाइल बदलताना वजनं गळाली की गोल भोक बाहेर फुगलेलं येतं, हे लक्षण ओळखून ठेवा.

अल्गोरिदमी

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचं काय? निबंध मोजणाऱ्या समित्यांना कोड दिसत नाही. पण अपवाद आहेत. जेम्स विल्किन्सन यांच्या नावाचा संख्यात्मक सॉफ्टवेअरचा पुरस्कार १९९१ मध्ये पहिल्यांदा लिंडा पेट्झोल्ड यांना डॅसल या समीकरण-सोडवणीच्या प्रणालीसाठी मिळाला. २००३ मध्ये तो जोनाथन श्यूचक यांना 'ट्रायँगल' या मेश बनवणाऱ्या प्रणालीसाठी मिळाला.

श्यूचक यांची पायरी कोणती ते सांगतो. तीन बिंदू डावीकडे वळतात की उजवीकडे, हे एका छोट्या निर्धारकाच्या चिन्हावरून कळतं. बिंदू जवळपास एका रेषेत असले की वजाबाकीत अंक गळतात आणि चिन्ह उलटं येतं. एकदा चिन्ह उलटलं की त्रिकोणांची जाळी स्वतःला छेदते, किंवा प्रोग्राम गोल गोल फिरत राहतो आणि थांबतच नाही. बरेच जण 'दहा लाखाव्या भागापेक्षा लहान असेल तर शून्य धरा' अशी मलमपट्टी करतात. तिने चूक फक्त दुसऱ्या जागी जाते, कारण अ-ब-क एका रेषेत, ब-क-ड एका रेषेत, पण अ-ब-ड नाहीत, अशी विसंगती उभी राहते. श्यूचक यांनी केलं ते असं: आधी भराभर मोजायचं, सोबत चुकीची कमाल मर्यादाही काढायची. उत्तर त्या मर्यादेपेक्षा मोठं असेल तर चिन्ह खात्रीचं, तिथेच थांबायचं. लहान असेल तरच जास्त अचूकतेने, लागेल तेवढंच पुढे मोजायचं. बहुतेक वेळा पहिल्या फेरीतच सुटका होते, म्हणून खर्च थोडा आणि खात्री पूर्ण.

मोजणीदार

शिफारस कशी लिहावी यावर लिहितो. प्रत्येक पुरस्काराची नियमावली वेगळी असते, ती आधी शब्दन् शब्द वाचा. विशेषतः तीन गोष्टी: मरणोत्तर देतात का, गटाला देतात का, आणि स्वतःच्या मार्गदर्शकाची किंवा सहलेखकाची शिफारस चालते का. या तीनपैकी एखादी चुकली तर बाकी अर्ज कितीही चांगला असो, बाजूला पडतो.

मग एक वाक्य लिहा. फक्त एक. त्यात पायरी असावी, क्षेत्र नसावं. 'भूमितीय मॉडेलिंगमधील भरीव कामगिरीबद्दल' हे वाक्य शंभर जणांना लागू होतं, म्हणून ते कुणालाच लागू होत नाही. 'घनाकृतींवरील संचक्रियांतून बिनजाडीचे अवशेष राहू नयेत अशी व्याख्या देऊन घन-मॉडेलला गणिती पाया दिल्याबद्दल' हे वाक्य घनगर्भ यांनी वर्णन केलेल्या जोडीखेरीज कुणाला चिकटत नाही. वाक्य लिहून झालं की त्यातलं नाव झाका आणि त्याच विषयातल्या दुसऱ्या कुणाचं नाव घालून वाचा. तरीही खरं वाटलं तर परत लिहा.

त्यानंतर तीन तारखा वेगवेगळ्या द्या: काम केव्हा झालं, कागदावर केव्हा उतरलं, छापून केव्हा आलं. द कास्तेलझोंच्या बाबतीत या तारखांमधलं अंतर हाच सगळा विषय आहे. उद्योगात काम करणाऱ्यांसाठी दुसऱ्या तारखेचा पुरावा मिळवणं सगळ्यात कठीण. अंतर्गत अहवालाचं मुखपृष्ठ, पेटंटचा अर्ज, आवृत्तीच्या नोंदी, प्रमाण ठरवणाऱ्या बैठकीची टिपणं, यातलं जे बाहेर दाखवायची परवानगी मिळेल ते जोडा. परवानगी लेखी घ्या, आणि आधी घ्या.

पाठिंब्याची पत्रं एकाच छापाची नकोत. तीन मागत असतील तर एक गणिताच्या अंगाने लिहिणाऱ्याचं, एक कर्नल किंवा सॉल्व्हर प्रत्यक्ष लिहिणाऱ्याचं, आणि एक ते वापरून भाग बनवणाऱ्याचं. तिसऱ्या पत्रात 'फार उपयोग झाला' असं नको. आधी काय होत होतं, आता काय होतं, हे हवं. तिघांनी तेच वाक्य वापरलेलं समितीला लगेच दिसतं, म्हणून पत्रलेखकांना तयार मजकूर पाठवू नका, फक्त तारखा आणि निबंधांची यादी पाठवा.

निबंधांची यादी पाचावर थांबवा. चाळीस निबंध जोडले की वाचणारा एकही उघडत नाही. उद्धरणांचा आकडा द्यायचा तर द्या, पण क्षेत्र लहान आहे हे सांगा. कर्नलवर काम करणारे लोक मेशवाल्यांपेक्षा थोडे, आणि ते छापतातही कमी. नुसत्या आकड्याने दोघांची तुलना केली की कर्नलवाला कायम हरतो.

आणि 'जगात प्रथम' हे शब्द टाळा. समितीत कुणीतरी असतोच ज्याला आधीचं काम ठाऊक असतं.

उपपत्ती

'जगात प्रथम' बद्दल शंभर टक्के सहमत. सदरलँड यांच्या १९६३ च्या स्केचपॅडबद्दलसुद्धा जपून लिहावं लागतं. कॅडशी संबंधित प्रोग्राम त्याआधीही होते, हॅनराटी यांचा प्रोंटो १९५७ चा. स्केचपॅडचं वेगळेपण असं की रेषा समांतर राहाव्यात, लांब्या सारख्या राहाव्यात असे निर्बंध वापरणारा प्रकाशलेखणीने पडद्यावर घालू शकत होता आणि प्रणाली ते सोडवत होती. आजच्या पॅरामेट्रिक स्केचचं मूळ ते. कून्स पुरस्काराचा पहिला मान १९८३ मध्ये त्यांना मिळाला, ट्युरिंग पुरस्कार १९८८ मध्ये. नेमकं वेगळेपण लिहिलं की 'प्रथम' या शब्दाची गरजच उरत नाही.

फिलेटकर

एक व्यावहारिक प्रश्न. समजा, बदलत्या त्रिज्येच्या फिलेटवर (कडेला दिलेल्या गोलाईवर) एका गटाने काम केलं. निबंधावर पाच नावं, कोडमध्ये तिघांचा हात, आणि तीन फिलेट जिथे भेटतात तो कोपरा सोडवण्याची कल्पना एकाची, ज्याचं नाव निबंधात शेवटून दुसरं आहे. शिफारस कोणाची करायची?

मोजणीदार

नियमावली गटाला परवानगी देत असेल तर गटाची करा, पण प्रत्येकाच्या नावापुढे त्याची पायरी लिहा. 'पाचही जणांचं समान योगदान' हे वाक्य बहुधा खोटं असतं आणि वाचणाऱ्याला ते कळतं.

एकालाच द्यायची सोय असेल तर आधी पाचही जणांना विचारा आणि त्यांचं म्हणणं लेखी घ्या. नंतर वाद झाला तर सन्मान मिळालेल्यालाच जास्त त्रास होतो.

घनगर्भ

फिलेटकर, तुमच्या उदाहरणात अवघड पायरी कोपऱ्याचीच आहे. गोळा दोन पृष्ठभागांना टेकवत घरंगळवला की सरळ कडेवरचा फिलेट मिळतो, ते जुनं ज्ञान आहे. तीन कडा वेगवेगळ्या त्रिज्येने एका शिरोबिंदूवर आल्या, त्यातली एखादी कड बहिर्गोल आणि बाकीच्या अंतर्गोल निघाल्या, की एका गोळ्याने कोपरा भरत नाही. तिथे वेगळा तुकडा बसवावा लागतो आणि त्याची शेजाऱ्यांशी स्पर्शसलगता राखावी लागते. एखादी त्रिज्या शेजारच्या पृष्ठापेक्षा मोठी झाली तर ते पृष्ठच नाहीसं होतं आणि जोडणी नव्याने बांधावी लागते. कॅड 'फिलेट जमला नाही' म्हणतं ते बऱ्याचदा इथे. तेव्हा मानपत्रात 'फिलेट' लिहू नका, 'कोपरा' लिहा.

फिलेटकर

मग असं लिहिलं तर? 'बदलत्या त्रिज्येच्या फिलेटवरील मूलभूत संशोधनाबद्दल.'

मोजणीदार

नाव झाकून वाचा. बऱ्याच जणांना लागू होईल. असं करा: 'बहिर्गोल आणि अंतर्गोल कडा एकत्र येणाऱ्या शिरोबिंदूवर, वेगवेगळ्या त्रिज्यांचे फिलेट स्पर्शसलगता राखून जोडण्याची, आणि त्यात नाहीशा होणाऱ्या पृष्ठांची जोडणी पुन्हा बांधण्याची पद्धत दिल्याबद्दल.' वाक्य लांब झालं, पण ते फक्त त्या एकाच कामाला लागू होतं. आणि पुढे पाच नावं, प्रत्येकापुढे कोपरा, जोडणी, कोड, चाचण्या, मांडणी यांपैकी ज्याचं जे असेल ते.

फिलेटकर

घेतो. शेवटून दुसऱ्या नावापुढे 'कोपरा' लिहितो, आणि आधी पाचही जणांना मसुदा पाठवतो.